टेबलाची खालची बाजू



वसंत व्याख्यानमालेत इतिहास म्हटला म्हणजे राज्ये, लढाया, तह आणि थोर पुरुष यांची आठवण होणे साहजिक आहे. आम्ही आज आपणांपुढे जो विषय घेऊन उभे आहोत, तो त्या मानाने फारच लहान आहे. शिडाच्या एका नौकेतील पाण्याने खराब झालेले लाकडी टेबल आणि ते पुन्हा नीट करण्याचे काम, एवढाच तो विषय. चिटणीसांना आम्ही हे सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारले, 'टेबल?' आम्ही म्हणालो, 'होय, टेबलच.'

आमचे शालेय शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील एका कपाटातून आणि सार्वजनिक वाचनालयातून. तेव्हा पंडितांची मांडणी आमच्याकडून होणार नाही. परंतु कामगारांच्या चळवळीत तीस वर्षे घालविल्यावर माणसाला एक खोड लागते. कोणतीही वस्तू समोर आली की तिची किंमत काय, याआधी ती कोणी केली, हा प्रश्न मनात येतो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या खोडीचाच विस्तार समजावा.

१९८९ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा एकोणीस वर्षांचे होतो आणि मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावर नावा दुरुस्त करण्याच्या एका आवारात मदतनीस म्हणून लागलो होतो. आमचे काम म्हणजे पॉलिशपेपर मारणे, सरस उकळणे, चहा आणणे आणि शिव्या खाणे. ज्यांच्या हाताखाली आम्ही होतो ते सुतार रत्नागिरीकडचे. आवारात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, म्हणून आम्हीही मिस्त्रीच म्हणतो. पावसाळा संपता संपता हौशी लोकांची शिडाची एक नौका आवारात ओढून घेण्यात आली. तिच्या खोलीत डोलकाठीच्या बुंध्याला लागून एक सागवानी टेबल होते. चार माणसे दाटीवाटीने जेवतील एवढे. त्याची अवस्था पाहण्यासारखी होती. पृष्ठभागावर जागोजाग पांढरे धुके धरले होते. लोखंडी बोल्टांभोवती शाई सांडावी तसे काळे डाग होते. फळ्या मध्ये खोल आणि कडांना उंच अशा पन्हळीसारख्या वाकल्या होत्या. कंत्राटदार म्हणाला, 'गेल्या दोन वर्षांत दोनदा पॉलिश केलं. तिसऱ्यांदा करा, आणि या खेपेस चांगलं करा.'

मिस्त्रींनी वरच्या बाजूकडे नीट पाहिलेही नाही. आम्हांला म्हणाले, 'पोरा, पालथं घाल ते.'

आम्ही टेबल पालथे घातले. खालची बाजू अगदी कोरी होती. रंध्याच्या खुणाही तशाच राहिलेल्या. तेलाचा एक हात नाही, रोगणाचा एक थेंब नाही. नौकेच्या तळात साचलेल्या पाण्याची वाफ, डोलकाठीवरून उतरणारा पाझर, खाऱ्या हवेचा ओलावा, हे सारे वर्षानुवर्षे त्या बाजूने आत शिरत होते. मिस्त्री म्हणाले, 'वरून पुसतात आणि खालून कुजतं. दोनदा पॉलिश केलं म्हणे!'

या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात आमची पुढची बरीच वर्षे गेली. तो अर्थच आज सांगायचा आहे.

प्रथम जहाजावर टेबल असते ते कसे, ते पाहू. शिडाच्या युद्धनौकांच्या काळात इंग्लंडच्या आरमारातील साधे खलाशी दोन तोफांच्या मधल्या जागेत जेवत. तेथे वरच्या तुळयांना दोरांनी टांगलेली फळी हेच त्यांचे टेबल. सहा-आठ जणांचा एक गट त्या फळीभोवती बसे आणि लढाईचा इशारा झाला की फळी काढून बाजूला ठेवण्यात येई. अधिकाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या टेबलांना कोरीव पाय, चकचकीत पृष्ठभाग आणि कडेने उंच पट्टी असे. ही पट्टी शोभेची नव्हे. जहाज कलले की ताट मांडीवर येऊ नये म्हणून ती लावतात, आणि आजही शिडाच्या नौकेतील टेबलाला ती असते. मात्र त्या पट्टीच्या आतल्या कोपऱ्यात पाणी अडून राहते, आणि वरचा लेप प्रथम तेथेच सुटतो.

अधिकाऱ्यांच्या टेबलाचे आवडते लाकूड म्हणजे महोगनी. १७२१ साली ब्रिटनने आपल्या अमेरिकेतील व कॅरिबियन वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरील आयातकर उठविला. त्यानंतर जमैकाची आणि पुढे होंडुरासच्या किनाऱ्याची महोगनी इंग्लंडच्या बाजारात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. लालसर रंगाचे, सरळ कापले जाणारे आणि फारसे न वळणारे हे लाकूड सुतारांना फार मानवले. पण होंडुरासच्या अरण्यांत ते तोडीत होते आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी बंद करण्याचा कायदा १८३३ साली झाला आणि पुरती सुटका व्हायला १८३८ साल उजाडले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे कप्तानाच्या टेबलावर जी तांबूस झळाळी दिसत होती, तिच्या पोटात ही गुलामी होती.

दुसरे लाकूड म्हणजे आपले सागवान. ते थेट आपल्या मुंबईच्या इतिहासात येते. १७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत जहाजबांधणीचे काम पाहू लागले. १७५० साली मुंबईत सुकी गोदी तयार झाली. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ वाडिया घराण्यातील मुख्य बांधकाम करणाऱ्यांनी मलबारच्या सागवानातून जहाजे बांधली. ओकच्या लाकडात जे आम्ल असते, ते लोखंडी खिळे खाते आणि लाकूडही काळे करते. सागात तो दोष पुष्कळ कमी. शिवाय सागाच्या अंगात स्वतःचे तेल असते. म्हणून मुंबईची जहाजे टिकाऊपणाबद्दल नावाजली गेली. १८१७ साली जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली उतरलेली 'त्रिंकोमाली' ही आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे तरंगत आहे. पाण्यावर असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत तिच्याहून जुनी दुसरी नाही. १८१३ सालची 'कॉर्नवॉलिस' हीही मुंबईचीच. तिच्यावर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग सोडावे लागले. तहावर सह्या करायला टेबल लागतेच. अफूच्या युद्धाचा शेवट मुंबईच्या सागवानी जहाजावर व्हावा, हा इतिहासाचा विचित्र योगायोग म्हणावा लागेल.

जमशेटजींविषयी गोदीच्या इतिहासात एक गोष्ट सांगतात. याच नावाची पहिली 'कॉर्नवॉलिस' त्यांनी १८०० साली बांधली. तिच्या अगदी तळाच्या आतल्या तुळईवर, जेथे सहसा कोणाची नजर जात नाही, तेथे त्यांनी म्हणे काही अक्षरे कोरून ठेवली. हे जहाज एका काळ्या माणसाने बांधले आहे, असा त्यांचा मतलब होता, आणि गोरे साहेब काळ्या माणसाला जी शिवी लावीत ती त्यात त्यांनी जाणूनबुजून घातली होती. बऱ्याच वर्षांनी जहाज दुरुस्तीला आले तेव्हा साहेबांना ती जागा त्यांनी स्वतःच दाखविली. गोष्टीतला शब्द न् शब्द खरा असो वा नसो, कारागिराला आपले म्हणणे कोठे लिहून ठेवावेसे वाटले ते पाहा. मखरावर नव्हे, नावाच्या पाटीवर नव्हे, तर तळाला.

परंतु जमशेटजींचे नाव निदान आपल्याला ठाऊक आहे. मलबारच्या जंगलात साग तोडणारे, हत्तींकरवी ओंडके ओढविणारे, ते नदीतून वाहवीत समुद्राला आणणारे, आणि गोदीत एकाने वर व एकाने खाली उभे राहून दिवसभर करवत ओढणारे, यांची नावे कोणाला ठाऊक आहेत? आरमाराला साग कमी पडू नये म्हणून १८०६ साली कंपनीने मलबारमध्ये कॅप्टन वॉट्सन यास जंगलांचा संरक्षक नेमले. त्याने सागावर कंपनीची मक्तेदारी बसविली. जंगलांचे मालक आणि तेथले रयत लोक इतके गांजले की तक्रारी होऊन १८२३ साली ती जागाच मोडीत काढावी लागली. जहाजांची कीर्ती पुस्तकांच्या पहिल्या पानावर येते. या सतरा वर्षांचा उल्लेख सापडायला मात्र फार पाने उलटावी लागतात.

आता पाणी लाकडाला काय करते ते पाहू, कारण टेबलाचे दुखणे समजल्याशिवाय औषध समजणार नाही. लाकूड तोडल्यावर मरते, पण त्याचा श्वास म्हणजे ओलावा घेणे आणि सोडणे थांबत नाही. ओलावा घेतला की ते फुगते, सोडला की आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो, रुंदीच्या दिशेने मात्र बराच. त्यातही वर्षवलयांना धरून होणारा फरक वलयांना आडवा होणाऱ्या फरकाच्या साधारण दुप्पट असतो. आता फळीच्या एकाच अंगाला जाड लेप दिला आणि दुसरे अंग उघडे ठेवले, तर काय होईल? उघडे अंग हवेबरोबर झपाट्याने फुगेल आणि आकसेल, झाकलेले अंग मागे राहील, आणि या ओढाताणीत फळी वाकेल. वरचे पॉलिश जितके दाट, तितका हा असमतोल अधिक. म्हणजे त्या नौकेच्या टेबलावर दोनदा केलेले पॉलिश निरुपयोगी होते एवढेच नव्हे, त्याने दुखण्याला हातभार लावला होता.

समुद्राच्या पाण्याची आणखी एक खोड आहे. पाणी वाळते, पण मीठ लाकडात राहते, आणि मीठ पुन्हा हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेले लाकूड आधी गोड्या पाण्याने धुवावे लागते. भिजलेल्या लाकडाला पुन्हा पाणी घालताना पाहून मालक घाबरतो, पण त्यास इलाज नाही. आणि बोल्टांभोवतीची ती काळी शाई? ती खरोखर शाईच असते. लोखंडाचा गंज आणि लाकडातील तुरट द्रव्य यांचा संयोग होऊन ती बनते. आपल्याकडे हिरडा आणि लोखंड यांच्यापासून शाई करीत, तोच हा प्रकार.

लोखंड आणि भिजलेले लाकूड यांच्या वैराचे मोठे उदाहरण स्वीडनमध्ये आहे. 'वासा' नावाची राजाची नवी युद्धनौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडाली. ३३३ वर्षांनी, २४ एप्रिल १९६१ रोजी, ती वर काढण्यात आली. ती एकदम वाळविली असती तर तडकून तिचा चुरा झाला असता. म्हणून लाकडातील पाण्याची जागा हळूहळू भरून काढणारे मेणासारखे एक रसायन पाण्यात मिसळून तिच्यावर सतरा वर्षे फवारण्यात आले. सतरा वर्षे! तरीही २००० सालच्या पावसाळी उन्हाळ्यात तिच्या लाकडावर आम्लाचे क्षार फुटलेले दिसले. बंदराच्या घाण पाण्यातील गंधक लाकडात मुरले होते, आणि बोल्टांच्या लोखंडाने त्याचे आम्ल होण्यास मदत केली होती. पुढे हजारो बोल्ट काढून तेथे न गंजणाऱ्या पोलादाचे बसवावे लागले. केवढी ती राजाची नौका आणि केवढेसे आमचे टेबल, परंतु रोग एकच आणि पथ्यही एकच. घाई करू नये, आणि दिसत नाही तेथे आधी पाहावे.

यानंतर येते ती झळाळी. इथे आपल्या देशाचा संबंध आणखी जवळचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपात फ्रेंच पॉलिशचा प्रसार झाला. नाव फ्रेंच, पण माल हिंदुस्थानचा. लाखेचा किडा पळस, बोर, कुसुंब यांच्या फांद्यांवर बसतो आणि अंगातून जो चिकट रस सोडतो तीच लाख. छोटा नागपूरच्या भागात, तसेच आपल्या विदर्भाच्या पूर्व टोकाला, आदिवासी कुटुंबे ती गोळा करीत आली आहेत. फांद्यांवरून लाख खरवडायची, कुटायची, धुवायची. मग कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून कोळशाच्या धगीपुढे पिशवी पिळायची. वितळलेली लाख बाहेर येते. तिचा तापलेला तवा एक माणूस हातांनी, पायांच्या बोटांनी आणि दातांत धरून ताणीत जातो, तो पार कागदासारखा पातळ होईपर्यंत. हा झाला चपडा. तो स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने लाकडावर शेकडो वेळा घासला की आरशासारखे पॉलिश होते. लंडनच्या दिवाणखान्यातील टेबलात आपले तोंड पाहणाऱ्याला, हे कोणी दातांत धरून ताणले आहे, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

या कारखान्यांची स्थिती कागदावर आली ती १९३१ साली. १९२९ मध्ये नेमलेल्या हिंदी कामगारविषयक शाही आयोगाचा, म्हणजे व्हिटली आयोगाचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सभासद होते. कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर राहिलेल्या ज्या धंद्यांची त्या अहवालात विचारपूस झाली, त्यांत विड्या, अभ्रक, गालिचे यांच्याबरोबर चपड्याचे कारखानेही होते. लाखेच्या किड्याचा अभ्यास करण्यासाठी रांचीजवळ नामकुम येथे संशोधन संस्था निघाली ती १९२४ साली. म्हणजे किड्याची चौकशी आधी झाली, माणसाची मागाहून.

लाखेचे पॉलिश सुंदर खरे, पण जहाजावर ते टिकत नाही. पाणी साचले की ते पांढरे पडते, गरम भांडे ठेवले की वळ उठतो, आणि दारू सांडली तर विरघळतेच, कारण ते मुळात स्पिरिटमध्ये विरघळविलेले असते. म्हणून समुद्रावरच्या लोकांनी तेलाचे रोगण पत्करले. जवसाच्या उकळलेल्या तेलात कडक राळ मिसळून ते करीत. यातली उत्तम राळ, जिला आपल्या बाजारात चंद्रूस म्हणत, ती एकोणिसाव्या शतकात झांजिबारहून जगभर जाई. समोरच्या आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील माणसे जमीन खणून, पूर्वीच्या झाडांची मातीत दडलेली राळ ढेकळाढेकळाने काढीत. डोलकाठी वाऱ्याने वाकते, तेव्हा तिच्यावरचे रोगणही वाकले पाहिजे, म्हणून जहाजी रोगणात तेलाचे प्रमाण अधिक ठेवीत. विसाव्या शतकात कृत्रिम राळी निघाल्या. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले आणि त्यापासून पुढे काचेसारखे कठीण लेप आले. कोकणातला होडीवाला यातले काहीच न वापरता माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल चोळतो. पण तो फळीला दोन्ही अंगांनी चोळतो. पुस्तक न वाचता त्याला हे कळलेले आहे.

आता परत त्या टेबलाकडे येऊ. मिस्त्रींनी कंत्राटदाराला सांगितले की टेबल सुटे करावे लागेल, लोखंडी बोल्ट काढून पितळी घालावे लागतील, आणि दोन्ही बाजूंना रोगण द्यावे लागेल. कंत्राटदार म्हणाला, 'मालकाने वरच्या बाजूचे पैसे दिलेत. खालच्या बाजूचे कोण देणार?' मिस्त्री म्हणाले, 'मग वरच्या बाजूलाही मी हात लावणार नाही.' एवढे बोलून ते बिडी पेटवून बसले. त्यांना बसलेले पाहून पॉलिशवाले दोघे बसले आणि त्यांना पाहून आम्हीही बसलो. कोणी घोषणा दिली नाही. दुपारभर आवारात फक्त कावळे बोलत होते. संध्याकाळी कंत्राटदाराने तीन दिवसांच्या जादा कामापैकी दीड दिवसाची मजुरी कबूल केली. उरलेला दीड दिवस मिस्त्रींनी पदरचा घातला. आमच्या आयुष्यात पाहिलेली ही पहिली वाटाघाट. ती पुरती जिंकली नव्हती, हेही आम्ही तेव्हाच शिकलो.

काम असे झाले. टेबलाच्या फळ्या सुट्या केल्या. जुने सांधे सरसाचे होते. सरस पाण्याने सुटतो, तेव्हा ते हातानेच उकलले. फळ्या गोड्या पाण्याने तीनदा धुतल्या. मग सावलीत, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून, एकीवर एक रचून ठेवल्या, म्हणजे वारा दोन्ही अंगांनी खेळेल. वर दगडांचे वजन. असे पाच आठवडे. आम्ही रोज विचारीत असू, 'झालं का?' मिस्त्री म्हणत, 'लाकडाला विचार.' पाच आठवड्यांनी फळ्या बऱ्याच सरळ झाल्या. मग जुने पॉलिश काचेच्या तुकड्याने खरवडून काढले. काळ्या डागांवर ऑक्झॅलिक आम्लाचे पाणी लावले. त्याने गंजाचे लोखंड विरघळते आणि डाग डोळ्यांदेखत फिका पडतो. तेही नंतर धुवून काढले. पाणीबंद गोंदाने सांधे जोडले. लाकडाच्या रेषेला धरून पॉलिशपेपर मारला, कारण आडवा मारला तर ओरखडे रोगणाखाली कायमचे दिसतात. सागाचे अंगचे तेल रोगणाला धरू देत नाही, म्हणून स्पिरिटच्या फडक्याने पुसून घेतले आणि लगेच पहिला हात दिला. पहिला हात टरपेंटाइन घालून निम्म्याने पातळ केलेला, म्हणजे तो आत मुरतो. पुढचे हात दाट होत गेले. प्रत्येक हात वाळला की हलका पॉलिशपेपर. वरून सहा हात, खालूनही सहा हात, आणि फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोन जास्त, कारण लाकूड टोकाने सर्वांत जास्त पाणी पिते. बोल्टांची भोकेदेखील मिस्त्रींनी आतून रोगणाने भरून घेतली.

टेबल नौकेत परत बसले तेव्हा मालक खूष झाले. त्यांनी वरून हात फिरविला आणि कंत्राटदाराची पाठ थोपटली. खाली वाकून कोणी पाहिले नाही. पाहण्याची गरज राहिली नव्हती, हेच त्या कामाचे यश.

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे. पुढची तितकी नाही. या सहा आठवड्यांत मिस्त्रींच्या हातांत मोजे नव्हते आणि तोंडाला फडक्याशिवाय काही नव्हते. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, हे बाटलीवर इंग्रजीत छापलेले होते. सागाचा भुसा अंगावर पुरळ आणतो आणि छातीत बसतो. लाकडाचा भुसा माणसाला कर्करोग करू शकतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली नमूद केले. आजच्या दोन डब्यांच्या कठीण रोगणांत जी कडक करणारी द्रव्ये असतात, त्यांच्या वाफेने दम्याचा विकार जडतो, म्हणून योग्य मुखवट्यावाचून ती फवारू नयेत, असा नियमच आहे. मिस्त्रींचा खोकला आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकत होतो आणि तो त्यांच्या स्वभावाचाच भाग आहे असे समजत होतो.

काही वर्षांनी मिस्त्रींचे काम सुटले. आम्ही तेव्हा युनियनच्या कामाला लागलो होतो. त्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज करावा म्हणून आम्ही हौसेने कागद घेऊन गेलो. तेव्हा कळले की तीस वर्षांत त्यांचे नाव कोणाच्याही हजेरीपटावर चढलेले नव्हते. आवार एकाचे, कंत्राट दुसऱ्याचे, मजुरी तिसऱ्याच्या हातून. दर दोन-तीन वर्षांनी कंत्राटाचे नाव बदले, मिस्त्री तेथेच असत. आम्ही तीन कचेऱ्यांत फिरलो. प्रत्येक ठिकाणी विचारले गेले, 'हे तुमच्याकडे कामाला होते याचा पुरावा काय?' आम्ही म्हणालो, नौका दाखवितो, चला. कोणी आले नाही. मिस्त्री आम्हांला म्हणाले, 'जाऊ दे रे. खालच्या बाजूला कोण बघतंय?' ते हसत म्हणाले, पण आम्हांला हसू आले नाही. गावी जाऊन दुसऱ्या वर्षी ते वारले.

हार्टलपूलची ती 'त्रिंकोमाली' १८९७ साली मोडीतच निघायची. तिला वाचविले एका धनिकाने, व्हीटली कॉब त्याचे नाव. त्याचे आधीचे जहाज म्हणजे नेल्सनचे जुने 'फूद्रोयां'. ते त्याच वर्षी ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले. त्या भिजलेल्या, मोडलेल्या लाकडाच्या वस्तू आणि फर्निचर करून लोकांना विकण्यात आले, आणि 'त्रिंकोमाली'ला नवे नाव मिळाले तेही 'फूद्रोयां'च. तिचे जुने नाव, जुने रूप तिला परत मिळाले ते १९९० नंतरच्या दहा-अकरा वर्षांच्या दुरुस्तीत. त्या कारागिरांना आत खोलवर मलबारचा साग पुष्कळसा शाबूत आढळला. जहाजाला नाव परत मिळते, वस्तुसंग्रहालय मिळते, तिकीट काढून पाहायला माणसे मिळतात. आम्हांला त्याचा आनंदच आहे. फक्त तेथे उभ्या असलेल्या प्रेक्षकाने एकदा खाली वाकून पाहावे, असे मात्र वाटते.

बंधूंनो आणि भगिनींनो, इतिहास लिहिणारेही पुष्कळदा त्या कंत्राटदारासारखे वागतात. वरच्या बाजूला हातावर हात देतात, थोरांची नावे चमकवितात, आणि मग राष्ट्राची फळी का वाकली म्हणून आश्चर्य करतात. थोरांची नावे पुसावीत असे आमचे म्हणणे नाही. वरची बाजू सुंदर असावी, मिस्त्रींनीही तिला सहा हात दिलेच. पण जितके हात वर, तितकेच खाली दिले तरच लाकूड सरळ राहते. हा सुतारकामाचा नियम आहे आणि तो हजेरीपटालाही लागू आहे. सुताराच्या, पॉलिशवाल्याच्या, घरी येणाऱ्या मोलकरणीच्या नावाची नोंद कोठे तरी आहे की नाही, हे आपल्यापैकी प्रत्येकाला निदान एका ठिकाणी पाहता येण्याजोगे आहे, आणि ते ठिकाण म्हणजे आपले स्वतःचे घर.

आज घरी गेल्यावर जेवणाच्या टेबलाखाली सहज हात फिरवून पाहा. कोरे लाकूड लागले तर रोगणाचा डबा आणा, आणि ज्याला कामाला बोलवाल त्याला दोन्ही बाजूंची मजुरी द्या. त्याचे नावही विचारून ठेवा. आम्ही मिस्त्रींना शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणत राहिलो. त्यांचे पूर्ण नाव आम्हांला कळले ते निधीच्या अर्जावर लिहिताना, आणि तो अर्ज नामंजूर झाला.